शिबिरानंतरचे पाळकसाहेब

प्रश्न : माझे यजमान पाळक आहेत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराहून आल्यापासून म्हणतात, “झगा काढला की मी कोण?” त्यांची श्रद्धा उडाली का?
– एक वाचक, हिंगणी (जि. वर्धा)

उत्तर : ताई, घाबरू नका. ‘पाळकानं थकायचं नाही, रडायचं नाही’ ही मनातली प्रतिमा डळमळली आहे. श्रद्धा शाबूत असू शकते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारला. ख्रिस्तभक्ती तशीच राहिली. लगेच राजीनामा मात्र नको. आठवड्यातला एक दिवस मंडळीच्या कामातून मोकळा ठेवा, विश्वासू ज्येष्ठ पाळकांशी त्यांना बोलू द्या. शिबिरवाले महागडा पुढचा टप्पा गळ्यात मारत असतील, तर थांबा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच गाठा.