कळांच्या वेळी जवळ कोण?

प्रश्न : सून डूला ठेवायची म्हणते. दवाखाना असताना सुईण कशाला? – एक सासूबाई, अमळनेर

उत्तर : ताई, डूला बाळंतपण करत नाही, औषधही देत नाही. ती कळा सुरू झाल्यापासून जवळ थांबते, कंबर चोळते, धीर देते. नर्सला अनेकींकडे पाहावं लागतं, हिला एकीकडेच. अशी अखंड सोबत असली की सिझेरियनचं प्रमाण घटतं, कळांचा काळही थोडा कमी होतो, असं २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. सरकारी दवाखान्यांतही केंद्राने २०१६ पासून प्रसूतीवेळी नात्यातल्या बाईला सोबत थांबण्याची मुभा दिली आहे. जळगाव-धुळ्यात डूला मिळाली नाही, तर सुनेला विचारून तुम्हीच थांबा. फक्त ‘आम्ही नाही का सोसलं?’ हे तिथे म्हणू नका. डॉक्टरांशी मात्र आठव्या महिन्यातच बोलून ठेवा.