रायफलच्या दुर्बिणीतील धूसरपणा : दोष भिंगाचा की डोळ्याचा?

इंदूरजवळच्या महू येथे भारतीय लष्कराचे इन्फंट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. त्यामुळे "दुर्बिणीतून नीट दिसत नाही, चष्मा बदलून द्या" असे सांगणारा सैनिक वा निवृत्त नेमबाज आपल्या परिसरातील नेत्रचिकित्सकाकडे येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी घाईने चष्मा लिहून देणे जितके अयोग्य, तितकेच "दुर्बीण दुरुस्त करा" म्हणून त्याची बोळवण करणेही अयोग्य. प्रस्तुत लेखात १ ते ४ किंवा १ ते ६ पट विशालन असलेल्या छोट्या दुर्बिणींचा विचार केला आहे.

पहिला प्रश्न : नेमके काय धूसर आहे?

नेमबाज एकाच वेळी दोन गोष्टी पाहतो : दूरचे लक्ष्य आणि दुर्बिणीतील रेटिकल, म्हणजे नेमाची खूण. खूण धूसर व लक्ष्य स्पष्ट असेल, तर नेत्रिकेची जुळणी चुकलेली असते. खूण स्पष्ट पण लक्ष्य धूसर असेल, तर कारण अंतरात वा हवेत शोधावे. दोन्ही धूसर असतील, तर भिंगावरील मळ, बाष्प आणि अखेरीस डोळा तपासावा. प्रतिमेच्या कडेला काळी सावली येणे हा धूसरपणा नव्हे. डोळा दुर्बिणीपासून योग्य अंतरावर, साधारणतः ९ ते १० सें.मी., आणि मध्यरेषेवर नसल्याची ती खूण होय.

नेत्रिकेची जुळणी

रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. सूर्याकडे कधीही पाहू नये. दुर्बीण सर्वाधिक विशालनावर ठेवून मोकळ्या आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे रोखावी. नेत्रिका अधिक चिन्हाच्या टोकाला न्यावी आणि खूण जेमतेम स्पष्ट होईपर्यंत हळूहळू मागे आणून तेथेच थांबावे. दर वेळी दोन-तीन सेकंदच पाहावे आणि मध्ये नजर दूरवर न्यावी. टक लावून पाहिल्यास डोळ्याची समायोजन शक्ती चूक झाकून टाकते व पुढे डोळा थकतो. चष्म्याचा नंबर काढताना आपण 'फॉगिंग' करतो, त्यामागचे तत्त्व हेच. शेवटी विशालन १ वर आणून दोन्ही डोळे उघडे ठेवावेत; दोन्ही डोळ्यांना दृश्य सारख्याच आकाराचे दिसले पाहिजे.

अंतर आणि हवा

या प्रकारातील बहुतेक दुर्बिणींत पॅरॅलॅक्सची जुळणी कारखान्यातच, बहुधा १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) आसपास, कायम केलेली असते. म्हणून अगदी जवळचे लक्ष्य ६ पटींवर धूसर दिसते. विशालन कमी करणे हाच त्यावरील उपाय. उन्हात तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथरही विशालनाबरोबर वाढते. हा धूसरपणा स्थिर नसतो, लहरत राहतो; त्यावरून तो ओळखता येतो. बाष्प भिंगाच्या आतल्या बाजूस असेल, तर दुर्बिणीचा हवाबंदपणा गेलेला असतो. ती घरी उघडू नये.

डोळ्याचा वाटा

नेत्रिका केवळ गोलीय दोष भरून काढते, ॲस्टिग्मॅटिझम नाही. प्रकाशित बिंदू फुटलेला वा ओघळलेला दिसत असेल, तर दुर्बिणीतून मोबाइलने छायाचित्र घ्यावे. त्यात बिंदू गोल आला, तर दोष बहुधा डोळ्याचा असतो. अशा व्यक्तीने दूरचा चष्मा लावूनच नेत्रिका जुळवावी. दस्त्यावर गाल टेकल्यावर नजर चष्म्याच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून जाते. म्हणून तपासणीच्या खोलीत त्याला त्याच पवित्र्यात बसवून पाहावे. प्रोग्रेसिव्ह भिंगे येथे विशेष त्रास देतात.

यानंतर पिनहोल चाचणी करावी. दृष्टी सुधारली, तर नंबराचा दोष संभवतो; न सुधारल्यास मोतीबिंदू व दृष्टिपटल यांकडे वळावे. धूसरपणा दिवसागणिक बदलत असेल, तर रक्तशर्करा तपासावी आणि ती स्थिरावेपर्यंत नवा चष्मा देऊ नये. एकाएकी आलेला धूसरपणा, प्रकाशाच्या चमका किंवा पडदा सरकल्याचा भास ही लक्षणे दुर्बिणीची नव्हेत. अशा रुग्णाचे दृष्टिपटल त्याच दिवशी तपासले गेले पाहिजे.

यंत्राची तक्रार घेऊन आलेला माणूस कित्येकदा नकळत आपल्या डोळ्याचीच तक्रार सांगत असतो. म्हणून आधी यंत्र क्रमाने तपासावे. आणि ते निर्दोष ठरले, तर डोळ्याची पूर्ण तपासणी झाल्याविना रुग्णास परत पाठवू नये.