तारणाऱ्याची वेदना

मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरील येशूच्या तोंडी एकच वाक्य आहे, आणि ते प्रार्थनेपेक्षा तक्रारीच्या अधिक जवळचे आहे. देवाने आपल्याला का टाकले, असे तो विचारतो. ज्याला जगाचा तारणारा मानावयाचे त्यानेच असे विचारावे, हे ख्रिस्ती विचारवंतांना नेहमीच अस्वस्थ करीत आले आहे. त्याला हे दुःख का भोगावे लागले, याचे सर्वांना बंधनकारक असे एकच उत्तर प्राचीन धर्मपरिषदांनी कधी ठरवून दिले नाही.

माणूस सैतानाच्या तावडीत सापडला होता आणि ख्रिस्ताचा प्राण ही त्याच्या सुटकेची खंडणी होती, ही कल्पना पहिल्या हजार वर्षांत बरीच रूढ होती. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या संवादग्रंथात ती नाकारली. सैतानाचे देवाकडे कसलेही येणे नाही. ऋण आहे ते माणसाचे, आणि तेही देवाचे. पापाने देवाचा मान हिरावला गेला. त्याची भरपाई माणसाने केली पाहिजे, परंतु ती करण्याचे सामर्थ्य केवळ देवाजवळ आहे. म्हणून देवाला मानव व्हावे लागले. सरंजामी समाजात स्वामीच्या मानाला केवढे महत्त्व होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या युक्तिवादाची भाषा कोठून आली ते समजते. तर्क म्हणून तो निर्दोष वाटतो. मात्र त्यात वेदनेपेक्षा हिशेबालाच अधिक जागा आहे.

पुढच्या पिढीतील पीटर अ‍ॅबेलार यांना नेमके हेच खटकले असावे. निरपराध पुत्राच्या रक्ताने संतुष्ट होणारा देव त्यांना क्रूर वाटला. वधस्तंभ हे देवाच्या प्रेमाचे दर्शन असून ते पाहून माणसाच्या अंतःकरणात प्रेम जागे होते, असे त्यांचे मत होते.

विद्वानांच्या या वादापासून दूर, अल्सासमधील ईसेनहाइम येथे अंतोनाइट संन्याशांचे रुग्णालय होते. बुरशी लागलेल्या राय धान्याच्या भाकरीमुळे होणाऱ्या ‘संत अँटनीचा अग्नी’ या रोगाचे रुग्ण तेथे येत. हातापायांत आग होई, पुढे अवयव काळे पडून सडत. पुष्कळदा ते कापावे लागत. तेथील वेदीसाठी ग्रूनेवाल्ड यांनी १५१२ ते १५१६ च्या सुमारास जे चित्रफलक रंगविले, त्यांतील ख्रिस्ताचे अंग हिरवट आणि व्रणांनी भरलेले आहे, बोटे आखडलेली आहेत. रुग्णांना या चित्रासमोर आणीत असत, असे मानले जाते. ते बरे होतील असे हे चित्र सांगत नाही. त्यांचेच शरीर ते वेदीवर मांडते. आज ते कोल्मार येथील संग्रहालयात आहे.

विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान पुन्हा त्या मूळ वाक्याकडे वळले. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील बाँबवर्षावात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला होता. नंतर तीन वर्षे ते युद्धकैदी होते. १९७२ च्या ‘क्रुसावरील देव’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की पुत्र टाकला जाण्याचे दुःख भोगतो तेव्हा पिताही पुत्रवियोग सोशीत असतो. देव दुःखातीत आहे या जुन्या सिद्धान्ताला हा उघड धक्का होता. त्यावर कार्ल राहनर यांनी घेतलेला आक्षेप रोखठोक आहे: देवही माणसासारखाच दुःखात अडकला असेल, तर माणसाने त्यातून सुटण्यासाठी कोणाकडे पाहावे?