स्कॅनर लागत नाही म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर गेला, असं नाही



या महिन्याचा पाठ गाडीचा आहे. आपल्या शिरूर-दौंड भागात काही ताई स्वतः गाडी चालवतात, काहींच्या घरी पिकअप किंवा इको आहे. २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेत तर बचत गटाच्या महिलेने गाडी घेऊन गावोगावी प्रवासी वाहतूक करायची, असाच विचार आहे. गाडी आली की दुरुस्तीचं बिलही आलंच. ते बिल कळावं म्हणून हा पाठ.

हा पोर्ट म्हणजे काय?

ड्रायव्हरच्या बाजूला, स्टेअरिंगच्या खाली वाकून बघा. १६ पिनांचं एक सॉकेट दिसेल, वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद. याला ओबीडी पोर्ट म्हणतात. मेकॅनिक त्यात स्कॅनर लावतो आणि गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे इसीएम, काय बिघडलंय ते कोडमध्ये सांगतो. डॉक्टर जसा स्टेथोस्कोप लावतो, तसंच. भारतात एप्रिल २०१० पासून चारचाकीला ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांचं तर बरंचसं काम स्कॅनरशिवाय होतच नाही.

आता अडचण कुठे येते? चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, आपण गाडी गॅरेजला नेतो, आणि तिथे उत्तर मिळतं, "स्कॅनर कनेक्टच होत नाही, इसीएम गेलाय." इसीएम म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. पण पुष्कळदा दोष दहा-वीस रुपयांच्या फ्यूजमध्ये असतो. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची. हा क्रम लक्षात ठेवा.

पायरी १: स्कॅनरचा दिवा लागतो का?

चावी ऑन करा. स्कॅनर पोर्टमध्ये लावल्यावर त्याचा दिवा लागला नाही, तर पोर्टला करंट येत नाही. दिवा लागला पण "लिंक एरर" आलं, तर करंट आहे, बोलणं होत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. तोच स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावून बघायला सांगा. तिथेही चालला नाही तर दोष स्कॅनरचा, आपल्या गाडीचा नाही. काही जुन्या गाड्यांना साधा स्वस्त स्कॅनर चालत नाही, कंपनीचाच लागतो. हेही विचारून घ्या.

पायरी २: फ्यूज

दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. अनेक गाड्यांत पोर्टचा फ्यूज आणि मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटचा किंवा हॉर्नचा फ्यूज एकच असतो. चार्जिंग बंद, हॉर्न बंद आणि स्कॅनरही बंद, असं असेल तर संशय फ्यूजवरच घ्या. कुठला फ्यूज कशाचा, हे गाडीच्या पुस्तकात किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर दिलेलं असतं. चावी बंद करून चिमट्याने फ्यूज काढा, आतली तार तुटलीय का बघा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बसवा. लाल १०, निळा १५, पिवळा २०. लालच्या जागी पिवळा बसवला किंवा तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. मग फ्यूज बदलत बसू नका, इलेक्ट्रिशियनकडे जा.

पायरी ३: पिना

बॅटरीचा उजेड टाकून पोर्टच्या आत बघा. आपल्याकडची धूळ, पावसाळ्यातली ओल, पाय लागून वाकलेली पिन किंवा मागे सरकलेली पिन, यानेही संपर्क तुटतो. आत सुई किंवा जाड तार घालू नका. पिना फाकतात, आणि दोन पिना एकमेकींना टेकल्या तर फ्यूज उडतो.

पायरी ४: मीटर लावणे

हे काम ऑटो इलेक्ट्रिशियन करेल, पण आपण शेजारी उभं राहायचं. रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ नंबर येतात. १६ नंबरला बॅटरीचा करंट असतो, ४ आणि ५ या अर्थच्या पिना. १६ आणि ४ मध्ये साधारण १२ व्होल्ट दिसले पाहिजेत, १६ आणि ५ मध्येही तेवढेच. १६ आणि गाडीचा पत्रा यांच्यात १२ येतात, पण ४ किंवा ५ शी येत नाहीत, तर अर्थची वायर सुटली आहे.

पायरी ५: नंतर बसवलेल्या वस्तू

जीपीएस, म्युझिक सिस्टीम, अलार्म यांची वायर कधीकधी पोर्टच्याच वायरीला जोडलेली असते. ती सोडवून स्कॅनर पुन्हा लावायला सांगा. पिवळ्या वेष्टणातली वायर एअरबॅगची असते, तिला कुणीही हात लावू नये.

पायरी ६: बोलण्याच्या वायरी

नव्या गाड्यांत ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून कॉम्प्युटर बोलतो. बॅटरीची वायर काढून या दोघींमध्ये मोजलं तर सहसा ६० ओहमच्या आसपास येतं. १२० आलं तर एका बाजूची जोडणी तुटलेली, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकलेल्या.

एवढं सगळं बरोबर निघालं, तरच इसीएमचा विचार. आणि एक साधी खूण ध्यानात ठेवा. गाडी नेहमीसारखी चालू होते आणि पळते, याचा अर्थ इसीएम काम करतोय. गाडी चालूच होत नाही आणि चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवाही लागत नाही, तर आधी इसीएमचा स्वतःचा फ्यूज आणि रिले तपासायचा.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काही उघडू नका, थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

गॅरेजमध्ये विचारायचे चार प्रश्न

१. स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावून बघितला का?
२. फ्यूज कुठला तपासला? मला दाखवा.
३. १६ आणि ४ मध्ये किती व्होल्ट आले?
४. काढलेला जुना पार्ट परत मिळेल का?

हे विचारायला लाजू नका. पैसे आपले आहेत, गाडीवर हप्ता चालू आहे. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही, उलट नीट दाखवतो.

बैठकीत करायचं काम

ज्या गटात गाडी आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला गाडी आणावी. सगळ्यांनी पोर्ट आणि फ्यूज बॉक्स शोधावा. प्रत्येक रंगाचा एक जादा फ्यूज डिकीत ठेवावा. गटाच्या पैशातून मोठी दुरुस्ती मंजूर करायची असेल, तर वरच्या पायऱ्यांपैकी काय काय तपासलं ते ठरावात लिहावं, मगच सही करावी.