गृहसंगणकाची राखीव किल्ली

हल्लीच्या पुष्कळ गृहसंगणकांत डिस्कवरील सर्व मजकूर कूटरूपाने साठविला जातो. संगणक चोरीस गेला, तरी चोराच्या हाती केवळ निरर्थक आकडे लागतात. कूट उकलण्याची किल्ली यंत्रातील एक सुरक्षा-चिप सांभाळते. परंतु मदरबोर्ड बदलल्यास ती चिपही जाते. अशा वेळी पडद्यावर राखीव किल्ली मागितली जाते. हिलाच ‘रिकव्हरी की’ म्हणतात. ती नसेल, तर खुद्द मालकालाही आपला मजकूर परत मिळत नाही. १२८ बिटांच्या किल्लीचे संभाव्य प्रकार मोजणारी संख्या ३९ अंकी आहे. ते सर्व पडताळून पाहणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही.

विंडोजच्या बिटलॉकर पद्धतीत ही किल्ली ४८ अंकांची, म्हणजे सहा-सहा अंकांच्या आठ गटांची असते. प्रत्येक गटास ११ ने नि:शेष भाग जातो. उदाहरणार्थ, १३५७९५ या गटास भाग जातो. शेवटचा अंक चुकून ६ लिहिला, तर बाकी १ उरते. हाताने नक्कल केल्यावर प्रत्येक गट असा तपासून पाहावा.

आता नक्कल कोठे ठेवावी? काशीच्या पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे, तेथील उदाहरण घेऊ. काशीस गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानतात. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. अशा नदीकाठी तळमजल्यावरील कपाटात ठेवलेला एकुलता एक कागद संगणकाबरोबरच भिजण्याचा संभव असतो. म्हणून एक प्रत घरात वरच्या मजल्यावर आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये अथवा परगावच्या विश्वासू आप्ताकडे ठेवावी. प्रतीवर किल्लीचा ओळख-क्रमांक व तारीख लिहावी. संगणकाच्या पिशवीत मात्र प्रत कधीही ठेवू नये; तसे करणे म्हणजे कुलपालाच किल्ली टांगून ठेवणे होय. किल्ली इंटरनेटवरील खात्यात जतन केली असेल, तर त्या खात्याचा संकेतशब्दही केवळ त्याच संगणकात असता कामा नये.

किल्ली बदलली की सर्व प्रती बदलाव्यात. तसेच हेही ध्यानात ठेवावे की, डिस्कच निकामी झाली तर किल्लीचा काही उपयोग होत नाही. यास्तव महत्त्वाच्या मजकुराची स्वतंत्र प्रतही राखणे अगत्याचे आहे.