प्रमाणपत्र हातात, तोंडाला कुलूप

मी मौद्याची. नागपूर-भंडारा रस्त्यावरचं, कन्हानकाठचं हे गाव. एनटीपीसीचा वीजप्रकल्प आल्यापासून इथं चार प्रांतांची माणसं राहतात आणि जो तो आपापल्या हिंदीत बिनधास्त बोलतो. पुढे मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, सी-वन या वरच्या पातळीपर्यंतच्या परीक्षा दिल्या आणि 2024 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठात एका वर्षासाठी गेले. आता आपल्या भागातली पोरं-पोरी विचारायला येतात. बहुतेकांचा प्रश्न व्हिसाचा असतो. मला आधी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचं असतं.

पुण्यात पहिल्या वर्षी मी आमच्या बोलीतलं ‘जाऊन राहिली’, ‘करून राहिली’ म्हणाले की वर्गात हसू फुटायचं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला मान्य आहे. पण अठराव्या वर्षी ते हसू फार आत जातं. तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायची सवय तेव्हापासून लागली. परीक्षेत तिचा फायदाच झाला, लेखी पेपरांत गुण भरपूर मिळाले. ट्यूबिंगेनला मात्र तीच सवय आडवी आली. व्याख्यानं समजत होती, पुस्तकं समजत होती. पण हे गाव श्वाबेन या भागातलं, रस्त्यावर, बसमध्ये, बेकरीत श्वेबिश बोली. समोरचा काय म्हणाला ते निम्मं कळायचं, आणि उत्तरातली विभक्ती मी मनात जुळवेपर्यंत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असायचा. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. पूर्ण दिवसात कुणाशी चार वाक्यं बोलले नाही असे दिवस येऊ लागले.

म्हणून माझं पहिलं सांगणं, आपल्या बोलीची लाज इथंच, मौद्यात नाहीतर नागपुरात, सोडून जा. ती सोबत नेली तर परक्या भाषेलाही चिकटते. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून फलटणला आल्या, तिथल्या लोकांच्या बोलण्यातल्या वैविध्यावरच त्यांनी पीएचडी केली आणि पुढे तिथंच शाळा काढली. हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर हिंडले आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर 1976 मध्ये त्यांचा जर्मन ग्रंथ आला. धनगराची ओवी ऐकायला इतक्या लांबून माणूस येतो, तर आपण आपली भाषा लपवून का फिरावं? हे मला अठराव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझं तोंड उघडलं ते जिन्यात. जानेवारीत मी एका जुन्या घरात खोली घेतली. श्वाबेनमध्ये केअरवोखं म्हणून पद्धत आहे. जिना आणि घरासमोरचा रस्ता झाडायची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्याआठवड्यानं फिरते; ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. पाटी माझ्या दाराला लागली की खालच्या मजल्यावरच्या आजी बघायला यायच्या. कठड्याच्या मागचा कोपरा राहिला की बोट दाखवायच्या, फडका कसा पिळायचा ते करून दाखवायच्या, आणि मग तिथंच पायरीवर उभ्या राहून बोलत सुटायच्या, सगळं श्वेबिशमध्ये. त्यांना माझ्या विभक्तीशी देणंघेणं नव्हतं. जिना कोरडा झाला का, एवढंच बघायचं होतं. मी चुकीचं बोलले तरी त्या पुढचं विचारायच्या. मार्चपर्यंत त्यांचं बोलणं मला जवळपास सगळं कळू लागलं, आणि सेमिनारमध्ये हात वर करायचं भयही गेलं.

तेव्हा खोली निवडताना शेजारी कोण आहे ते बघा. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपली माणसं भेटतात, वरण-भाताचा वास येतो, हिंदीत गप्पा रंगतात. ती माणसं हवीतच, तापात तीच धावून येतात. पण रोजची संध्याकाळ तिथंच गेली तर वर्ष संपतं आणि जर्मन होती तिथंच राहते. असं झालेले मी बघितलेत. नोकरीचंही तसंच. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. रात्री गोदामात खोके उचलण्यापेक्षा बेकरीच्या काउंटरवर उभं राहा, तिथं बोलावंच लागतं.

आता पैशाचं. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आपल्याकडे फार फिरतं. ट्यूबिंगेन ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. दोन विद्यापीठांतल्या करारानं गेलात तर ती सहसा लागत नाही, म्हणून आधी आपल्या विभागात कराराची चौकशी करा. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. मी गेले तेव्हा व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागत होते, म्हणजे महिन्याला 992. ही रक्कम बदलत असते, तेव्हा शेतावर कर्ज काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघा. एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. आणि खोली न बघता डिपॉझिट भरू नका. ‘चावी पोस्टानं पाठवतो’ म्हणणाऱ्या एका घरमालकाकडे माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे दोन महिन्यांचे भाड्याचे पैसे गेले. प्रवेशपत्र हातात पडलं, की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज टाका. रांग लांब असते.

मन फार उदास झालं, झोप उडाली, वर्गात जावंसं वाटेना, तर विद्यार्थी सेवा केंद्राच्या समुपदेशकाकडे जा. बऱ्याच विद्यापीठांत ही सोय मोफत असते आणि इंग्रजीतही बोलता येतं. मी फेब्रुवारीत गेले होते. आपल्याकडे याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आई-बाबांनाही एक सांगायचं आहे. मुलीचा फोन आला की ‘जेवलीस का’ विचाराच, पण ‘आज कोणाशी बोललीस’ हेही विचारा. उत्तर तीन-चार आठवडे ‘कोणाशी नाही’ असंच येत असेल, तर तो थंडीचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन. आपल्या रात्री नऊला फोन केलात तर तिची दुपार संपत आलेली असते, बाहेर पडून कोणाला तरी भेटायला तिच्याकडे अख्खी संध्याकाळ उरते.