ई-रीडरसाठी मोफत पुस्तके : आधी हक्क, मग फाइल

शोधयंत्रात ‘मोफत मराठी पुस्तके’ असे लिहिले, की जाहिरातींनी भरलेली संकेतस्थळे आणि चोरीच्या पीडीएफ समोर येतात. अमरावती-अकोल्याच्या वाचकांनी पुढील क्रमाने शोध घेतल्यास वेळ वाचेल आणि ई-रीडरवर नीट वाचता येईल अशी प्रत हाती येईल.

१. लेखकाच्या निधनाचे वर्ष पाहावे. भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ही वर्षे निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे १९६५ साली किंवा त्याआधी निधन झालेल्या लेखकांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके १ जानेवारी २०२६ पासून सर्वांसाठी खुली आहेत.

२. आपल्या भागातील लेखकांची यादी करावी. अकोल्यात शिकलेले आणि वकिलीनिमित्त वऱ्हाडात राहिलेले ‘सुदाम्याचे पोहे’कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये गेले, त्यांचे साहित्य खुले आहे. माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे नावही या यादीत घालावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ चे. नियमाने त्यांचे लेखन १ जानेवारी २०२९ रोजी खुले होईल. तोवर हक्कधारकांनी स्वतः दिलेलीच प्रत घ्यावी. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर आणि अमरावतीचे सुरेश भट यांची पुस्तके मात्र विकत किंवा वाचनालयातूनच घ्यावीत. रिद्धपूरशी नाते असलेल्या ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथाची मूळ संहिता तेराव्या शतकातील, म्हणून खुली, पण आधुनिक संपादकाची प्रस्तावना आणि टीपा यांचे हक्क वेगळे असतात. अशा ग्रंथाची आवृत्ती कोणाची आणि केव्हाची, हे आधी पाहावे.

३. लेखकानुसार ठिकाण निवडावे. खुल्या झालेल्या पुस्तकांसाठी प्रथम मराठी विकिस्रोत पाहावे. तेथे छापील पानाचे चित्र समोर ठेवून स्वयंसेवक मजकूर टंकित करतात आणि तयार पुस्तक ईपब स्वरूपात उतरवून घेता येते. हयात लेखकांचे साहित्य हवे असल्यास ई साहित्य प्रतिष्ठान पाहावे. तेथील पुस्तके लेखकांच्या संमतीने मोफत दिली जातात. चरित्रे आणि संशोधनपर ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुन्या, दुर्मिळ छापील प्रती इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. तेथे पहिल्या मुद्द्यातील कसोटी आपणच लावावी. इंग्रजीसाठी १९७१ मध्ये सुरू झालेले प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि सुबक मांडणीचे स्टँडर्ड ईबुक्स ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत.

४. शोध दोन्ही लिपींत घ्यावा. इंटरनेट अर्काइव्हवरील अनेक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने नोंदवलेली आहेत. देवनागरीत काही न सापडल्यास रोमनमध्ये, नुसते आडनाव घालून, दोन-तीन प्रकारे शोधावे.

५. फाइलचा प्रकार तपासावा. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये छापील पान जसेच्या तसे राहते आणि सहा इंची पडद्यावर अक्षर बारीक दिसते. म्हणून ईपब मिळत असेल तर तेच घ्यावे. अपवाद एकच: इंटरनेट अर्काइव्हवरील यंत्राने आपोआप तयार केलेल्या मराठी ईपबमध्ये जोडाक्षरांची मोडतोड झालेली आढळते. तेथे मूळ पीडीएफच बरी.

६. पूर्ण पुस्तक घेण्यापूर्वी पारख करावी. विकिस्रोतावर पानांचे रंग पाहावेत: लाल म्हणजे मुद्रितशोधन बाकी, पिवळा म्हणजे एकदा झालेले, हिरवा म्हणजे दुसऱ्या व्यक्तीने पडताळलेले. पीडीएफ असल्यास त्यातील एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवावी. देवनागरी उमटली तर रूपांतर जमेल. विचित्र रोमन अक्षरे आली तर पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेले आहे असे समजावे. त्याचे रूपांतर करण्यात वेळ घालवू नये. काहीच कॉपी होत नसेल, तर ती पानांची नुसती छायाचित्रे आहेत. या दोन्ही प्रकारांत यंत्र आडवे धरावे आणि कडेचा कोरा समास कापून वाचावे.

७. पुस्तक यंत्रावर चढवावे. कोबोसारख्या यंत्राला केबल जोडून ईपब थेट टाकता येते. किंडलसाठी ‘सेंड टू किंडल’ ही सोय वापरावी. तीही आता ईपब स्वीकारते. पीडीएफचे ईपब करण्यासाठी कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे. देवनागरी नीट दिसत नसल्यास ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांसारखा मोफत युनिकोड फाँट यंत्रातील फाँटच्या फोल्डरमध्ये ठेवून निवडावा.

८. नोंद लगेच करावी. कॅलिबरमध्येच लेखक आणि पुस्तक यांची नावे देवनागरीत दुरुस्त करावीत आणि मूळ फाइलची एक प्रत संगणकावर ठेवावी. पन्नास पुस्तके जमल्यावर हे काम कंटाळवाणे होते.

पहिल्या आठवड्यात एकच पुस्तक या आठ पायऱ्यांतून न्यावे. कोल्हटकरांपासून सुरुवात केल्यास उत्तम. आणि विकिस्रोतावर चुकलेला शब्द दिसला, तर आपण तो तिथल्या तिथे दुरुस्त करावा. पुढच्या वाचकाला शुद्ध प्रत मिळेल.